‘सागरी’ प्रतिजैविके : एका विशेषणाचा विचार

‘सागरी सूक्ष्मजीवांपासून मिळणारी नवी प्रतिजैविके’ हा शब्दसमूह संशोधनपर लेखनात वारंवार आढळतो. त्यातील ‘सागरी’ व ‘नवी’ ही विशेषणे इतकी जोडीने येतात की, पहिल्यातून दुसरे आपोआप निष्पन्न होते, असा समज नकळत रुजतो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, जंतुशास्त्र नव्हे. तथापि विशेषण नेमके काय सांगते व काय सांगत नाही, हे तपासणे भाषेच्या अभ्यासकाचे कामच होय.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही. रोगजंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत आणि जमिनीवरील मातीतून तीच ती परिचित द्रव्ये पुनःपुन्हा हाती लागतात. संशोधक समुद्राकडे वळले ते या कारणाने. तेथेही जुनेच द्रव्य नव्याने शोधण्यात वर्षे खर्ची पडली, तर त्याची किंमत अखेर रुग्णासच द्यावी लागेल.

पहिले उदाहरण सार्डिनिया बेटावरील काल्यारी या शहराचे. जेथे सांडपाणी समुद्रास मिळते, तेथील पाण्यातून १९४५ साली ज्युझेप्पे ब्रोत्झू यांनी एक कवक वेगळे केले. पुढे ऑक्सफर्ड येथे न्यूटन व एब्राहम यांनी त्यापासून सेफॅलोस्पोरिन सी मिळविले आणि त्यातून औषधांचे एक मोठे कुल निर्माण झाले. द्रव्य निःसंशय नवे होते. परंतु या कवकाच्या वाढीस समुद्राचे पाणी लागत नाही. येथे ‘सागरी’ या शब्दाने फक्त सापडण्याचे ठिकाण कळते.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. सॅलिनिस्पोरा ही समुद्रतळाच्या गाळात राहणारी जिवाणूंची प्रजाती. तिच्या वाढीस समुद्राच्या पाण्यातील क्षार लागतात. म्हणजे ती खऱ्या अर्थाने सागरी होय. परंतु ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील एका स्पंजातून मिळालेल्या सॅलिनिस्पोरामध्ये २००६ साली जे आढळले, ते रिफामायसिन. क्षयावरील रिफॅम्पिसिन ज्यापासून तयार झाले ते हेच द्रव्य, आणि ते १९५७ मध्येच फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या एका पाइनवनातील मातीतून मिळालेले होते. जीव सागरी, द्रव्य मात्र ओळखीचे!

तिसरे उदाहरण अ‍ॅबिसोमायसिनचे. नावातील ‘अ‍ॅबिस’ म्हणजे अथांग खोली. समुद्रशास्त्रात ही संज्ञा काही हजार मीटर खोलीच्या प्रदेशास लावतात; हा जिवाणू मात्र जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलीवरील गाळात मिळाला. नाव असे फसवे असले, तरी शोधाची रीत अनुकरणीय आहे. जिवाणू पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल स्वतः बनवितात व त्यापासून फॉलिक आम्ल तयार करतात. मनुष्यास फॉलिक आम्ल अन्नातून मिळते. म्हणून जिवाणूंची वाढ रोखणारे, परंतु हे आम्ल बाहेरून पुरविताच निष्प्रभ ठरणारे द्रव्य कोणते, असाच प्रश्न संशोधकांनी आरंभी विचारला. सल्फा औषधे याच मार्गातील पुढची पायरी अडवितात, अ‍ॅबिसोमायसिन आधीची. २००४ साली प्रसिद्ध झालेले हे द्रव्य मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंसही रोखते. ते औषध झालेले नाही. पण त्याचे नावीन्य समुद्राच्या नावावर नव्हे, तर त्या प्रश्नाच्या नेमकेपणावर सिद्ध झाले.

तात्पर्य, ‘सागरी’ या एका शब्दात तीन भिन्न विधाने दडलेली असतात : जीव समुद्रात सापडला, त्यास जगण्यासाठी समुद्र लागतो, आणि त्याचे द्रव्य जमिनीवर आढळत नाही. पहिले स्थळाची नोंद पाहून कळते, दुसरे संवर्धन करून, तिसरे ज्ञात द्रव्यांशी ताडून. विद्यार्थ्याने प्रबंध वाचताना व लिहिताना यांपैकी कोणते विधान सिद्ध झाले आहे, हे प्रथम पाहावे. विशेषण हे पुराव्याचे काम करू शकत नाही.