वाचनाची पायाभरणी – लेखांक ७ : आधी वाचून दाखवा

मागच्या लेखात अक्षरगटांचा क्रम पाहिला. मराठी जशी लिहिली तशीच वाचतात, तेव्हा बाराखडी पक्की झाली की मूल आपोआप वाचू लागेल, अशी समजूत घरोघरी आणि शाळाशाळांत आहे. ‘ससा बसला’ हे दोनच शब्द घ्या. मूल ‘ब-स-ला’ असे एकेक अक्षर जुळवते आणि शिकवल्याप्रमाणे ते बरोबरच असते. पण बोलताना आपण ‘बस्ला’ म्हणतो, ‘स’मधला ‘अ’ गळून जातो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ दिसायला एकच, उच्चार मात्र वेगळा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि ऐकू येते नंतर. शब्द कसा उच्चारायचा, वाक्यात कुठे थांबायचे, हे सारे छापलेले नसते. वाचता येणाऱ्या माणसाने शब्दांखाली बोट फिरवत, नेहमीच्या बोलण्याच्या लयीत वाचून दाखवले, तरच ते मुलाच्या कानावर पडते.

यामुळे अक्षर-ध्वनी पद्धत मागे पडेल, ही भीती अनाठायी आहे. अमेरिकेतील नॅशनल रीडिंग पॅनेलच्या २०००च्या अहवालाने पद्धतशीर ध्वनिशिक्षणाला पाठिंबा दिला आणि मार्गदर्शनाखालील प्रकट वाचनाने ओघ व आकलन सुधारते, असेही नोंदवले. आपल्याकडे पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर इथे मुलांच्या वाचनाचा काही वर्षे अभ्यास झाला. तिथेही तिसरीपर्यंत पोचलेली कितीतरी मुले अडखळतच वाचत होती, आणि वर्गातला वेळ बहुतांशी अक्षरे गिरवण्यात व उतरवण्यात जात होता.

मुले ऐकून पाठ करतील, हा आक्षेप मात्र खरा आहे. शिक्षक म्हणतो, वर्ग एका सुरात ओढतो आणि पुस्तकाकडे कोणी बघतही नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. शब्द आधी मुलाने स्वतः जुळवावा, मग शिक्षकाने वाक्य सलग वाचावे, मग पुन्हा मुलाने. शेवटी शिकवलेल्याच अक्षरांतले ‘मासा रमला’ समोर ठेवावे. पाठ केलेले मूल तिथे थबकते. निपुण भारत अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचे उद्दिष्ट ठेवले आहे, पण त्यापायी घाईघाईने वाचलेला नमुना मुलाच्या काही कामाचा नाही.

खामगावकडे एक प्रश्न जास्तीचा आहे. वऱ्हाडी बोलणारे मूल ‘डोळा’ पाहून ‘डोया’ वाचते. त्याने अक्षर ओळखले, अर्थही लागला. उच्चार तेवढा घरचा आहे. त्याला चूक म्हणून टोकले तर ते पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही. शिक्षकाने आपल्या पाळीला ‘डोळा’ वाचावे, तेवढे पुरते. ‘डोळा’चे ‘गोळा’ झाले, तर मात्र पुन्हा अक्षराकडे वळायला हवे.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे : उद्यापासून रोज दहा मिनिटे, मुलाच्याच पुस्तकातले पान, त्याला शेजारी बसवून, बोट फिरवत मोठ्याने वाचा.