चाकांवरचे बिऱ्हाड : मोटारघराच्या भाडेकरारातील काही शब्दांचा अर्थविचार

घर आणि वाहन या दोन वस्तू मराठी मनाने नेहमी वेगळ्या ठेवल्या आहेत. घर स्थिर, वाहन चल. ज्याचे घर चालते तो एक तर विंचू, नाही तर तांड्यावरचा लमाण, अशी आपली समजूत; ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत थोडा उपहासही आहे. तथापि गेल्या काही वर्षांत न्यूझीलंडसारख्या देशात प्रवासास जाणारी अनेक मराठी कुटुंबे तेथे पोहोचताच असे बिऱ्हाड आपण होऊन भाड्याने घेतात. झोपण्याची सोय, चूल, पाण्याची टाकी व शौचकूप यांसह असलेली मोटार, म्हणजे ‘मोटारघर’, घेऊन ती पंधरा-वीस दिवस रस्त्याने हिंडतात. या व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे करारपत्राची भाषा होय. त्यातील पुष्कळसे शब्द इंग्रजी जाणणाऱ्या मराठी माणसास परिचित वाटतात. परंतु ते येथे ज्या अर्थाने योजलेले असतात तो अर्थ त्याच्या परिचयाचा नसतो, आणि त्या अंतराची किंमत डॉलरांत मोजावी लागते. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांचा विचार केला आहे.

१. ‘भाडे’ आणि त्याचे तीन इंग्रजी प्रतिशब्द

संस्कृत ‘भाटक’ शब्दातील स्वरमध्यस्थ टकाराचा प्राकृतात डकार होऊन मराठी ‘भाडे’ सिद्ध झाला. मराठीत त्याचे क्षेत्र विस्तृत आहे. घराचे भाडे, सायकलीचे भाडे, एस. टी. चे भाडे, असे आपण सारखेच म्हणतो. टांगेवाल्याच्या व टॅक्सीवाल्याच्या बोलीत तर खुद्द उतारूलाही ‘भाडे’ म्हणतात. इंग्रजीत मात्र या क्षेत्राची वाटणी झाली आहे. घरासाठी ‘रेंट’, प्रवासाच्या तिकिटासाठी ‘फेअर’ आणि काही काळ वापरण्यास घेतलेल्या वस्तूसाठी ‘हायर’. अमेरिकेतील इंग्रजीत मोटारीसाठीही ‘रेंट’ चालतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे ‘हायर’ हा शब्द अधिक रूढ आहे.

हा भेद केवळ कोशातला नाही. न्यूझीलंडमध्ये राहत्या घराचे भाडेसंबंध १९८६ च्या कायद्याने नियमित केलेले आहेत. घरमालकास सामान्यतः चार आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, आणि घेतलेली अनामत स्वतःजवळ न ठेवता सरकारी खात्याकडे जमा करावी लागते. या अनामतीस तेथे ‘बाँड’ म्हणतात. मोटारघर भाड्याने घेतानाही ‘बाँड’च मागितला जातो, परंतु मोटारघर हे राहण्याजोगे असले तरी व्यवहारात ते वाहनच समजले जाते. त्यामुळे घराच्या भाडेकरूस मिळणारे हे संरक्षण मोटारघर घेणाऱ्यास लागू होत नाही. येथे बाँड म्हणजे प्रवाशाच्या क्रेडिट कार्डावर कंपनीने राखून ठेवलेली किंवा वसूल केलेली रक्कम. ती किती असावी आणि कोणत्या कारणाने कापून घ्यावी हे करारपत्रच ठरविते. शब्द एक, आशय दोन. ‘बाँड’ म्हणजे सरकारी रोखा एवढाच अर्थ ज्यास ठाऊक आहे, त्यास तर हा तिसराच अर्थ शिकावा लागतो.

२. ‘कारवान’चा प्रवास

मोटारघराच्या नावांचा इतिहास पाहिला असता एका फारसी शब्दाची मोठी यात्रा दृष्टीस पडते. फारसी ‘कारवान’ म्हणजे एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा समूह. संस्कृतात त्यास ‘सार्थ’ आणि त्याच्या नायकास ‘सार्थवाह’ म्हणत. हैदराबादेतील ‘कारवान’ या वस्तीच्या नावात फारसी शब्द आपल्या शेजारीच जिवंत आहे. पूर्वेकडील व्यापाराच्या व धर्मयुद्धांच्या संबंधाने हा शब्द युरोपात गेला आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आला. पुढे समूहाचा अर्थ मागे पडून त्यास ‘आच्छादित मोठी गाडी’ असा अर्थ प्राप्त झाला. एकोणिसाव्या शतकात त्याचे पहिले अवयव गळून ‘व्हॅन’ हे लघुरूप उरले, आणि ‘कॅरॅव्हॅन’ हे मूळ रूप चाकांवरच्या घरासाठी रूढ झाले. म्हणजे ज्या शब्दाचा प्राण ‘अनेकांनी मिळून केलेला प्रवास’ हा होता, तोच शब्द ‘एका कुटुंबाने एकांतात केलेला प्रवास’ दाखवू लागला. समूहवाचक शब्दाच्या अर्थसंकोचाचे हे नमुनेदार उदाहरण होय.

हौसेखातर अशा गाडीतून हिंडण्याची प्रथा सुरू करण्याचे श्रेय बहुधा डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या आरमारातील निवृत्त शल्यवैद्यास दिले जाते. त्याने १८८५ साली ब्रिस्टल येथील कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढावयाची गाडी बांधवून घेतली, इंग्लंडमधील ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसपर्यंत प्रवास केला, आणि पुढील वर्षी त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. आपल्या गाडीस तो ‘भूमीवरील नौका’ म्हणे. हे रूपक अजूनही पुसले गेलेले नाही. आजही मोटारघराची क्षमता ‘दोन बर्थ’, ‘चार बर्थ’, ‘सहा बर्थ’ अशी सांगतात, आणि ‘बर्थ’ हा शब्द मुळात जहाजाचाच आहे.

नाव देताना प्रत्येक भाषेने यातील वेगळे अंग निवडले आहे. जर्मन ‘वोनमोबिल’मध्ये ‘वोनेन’ म्हणजे वास्तव्य करणे हे क्रियापद पुढे आहे. फ्रेंच ‘काँपिंग-कार’मध्ये मुक्काम टाकण्याची क्रिया पुढे आली आहे. स्पॅनिश ‘आउतोकाराव्हाना’ने जुना कारवान सोडलेला नाही. अमेरिकेत रूढ असलेल्या ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ या नावात घर मुळीच नाही. तेथे वाहन आणि करमणूक एवढेच उरले.

३. परिचित शब्द, अपरिचित अर्थ

आता करारपत्राकडे वळू. पहिला शब्द ‘एक्सेस’. सामान्य इंग्रजीत याचा अर्थ ‘अतिरेक’ किंवा ‘अधिक असलेला भाग’. त्यामुळे ‘एक्सेस पाच हजार डॉलर’ असे वाचताच पाच हजारांच्या वरचे नुकसान आपण भरावयाचे, असा समज होतो. विम्याच्या परिभाषेत अर्थ नेमका उलट आहे. नुकसानीचा जो पहिला भाग भाड्याने घेणाऱ्याने स्वतः सोसावयाचा, तो ‘एक्सेस’. समजा, मोटारघराचे तीन हजार डॉलरचे नुकसान झाले, तर ते सर्व प्रवाशाने द्यावयाचे. आठ हजारांचे झाले, तर पाच हजार त्याने आणि उरलेले विमा कंपनीने. प्रतिदिनी जादा रक्कम भरून हा भाग कमी करून घेता येतो. परंतु कमी करून घेतल्यावरही काही प्रकारचे नुकसान सहसा वगळलेले असते. छताचे नुकसान, गाडीच्या तळाचे नुकसान आणि चुकीचे इंधन भरल्याने होणारी हानी हे त्यांपैकी नेहमीचे प्रकार होत. यांतील छताची बाब विशेष ध्यानात ठेवावी. कारण ज्याने आयुष्यभर लहान मोटार चालविली आहे, त्यास आपल्या डोक्यावर आणखी हातभर उंचीची गाडी आहे याचे भान झाडाच्या फांदीखाली किंवा पेट्रोल पंपाच्या छपराखाली राहत नाही.

दुसरे उदाहरण रस्त्यांच्या नावांचे आहे. भारतीय इंग्रजीत ‘मेटल्ड रोड’ म्हणजे बांधून काढलेला, पक्का रस्ता; खात्याच्या कागदपत्रांतून हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. न्यूझीलंडच्या इंग्रजीत ‘मेटल रोड’ म्हणजे सुटी खडी पसरलेला कच्चा रस्ता. तेथे डांबरी रस्त्यास ‘सील्ड’ म्हणतात. ‘अनसील्ड’ रस्त्यावर मोटारघर नेण्यास करारपत्रांत सामान्यतः मनाई किंवा कडक मर्यादा असते. क्वीन्सटाउनजवळील स्किपर्स मार्ग, माउंट कुक परिसरातील बॉल हट मार्ग व उत्तरेकडील नाइन्टी माइल बीच ही नावे तर अशा करारपत्रांत नेहमी नावानिशी वगळलेली आढळतात. मनाई केलेल्या रस्त्यावर अपघात झाल्यास विम्याचे संरक्षणच सुटते. म्हणून ‘मेटल’ हा शब्द ऐकून निर्धास्त होणाऱ्या भारतीय चालकाची चूक व्याकरणाची नसून बोलीभेदाची असते. परंतु बोलीभेद ही सबब विमा कंपनी मान्य करीत नाही.

तिसरे, ‘बर्थ’. ही संख्या रात्री झोपण्याच्या जागांची आहे, दिवसा बसण्याच्या जागांची नव्हे. मुले बरोबर असलेल्या कुटुंबाने बर्थांबरोबरच सुरक्षापट्टा असलेल्या आसनांची संख्या व बालकांचे आसन बसविण्याची सोय या गोष्टी स्वतंत्रपणे विचारून घ्याव्यात. चौथे, ‘रिलोकेशन’. एका शहरी सोडलेल्या गाड्या दुसऱ्या शहरी परत नेण्याची कंपनीस निकड असते. अशा वेळी ती अत्यल्प भाड्याने गाडी देते. परंतु त्यात दिवस मोजके असतात. सहल हा प्रवाशाचा हेतू, स्थलांतर हा कंपनीचा हेतू. आणि शब्द कंपनीच्या हेतूचा आहे, हे विसरू नये. याखेरीज डिझेलच्या गाडीवर तेथे अंतरानुसार रस्ताकर आकारला जातो, आणि तो बहुधा भाड्याच्या जाहीर आकड्याबाहेर राहतो.

४. ‘मुक्त’ आणि ‘स्वयंपूर्ण’

न्यूझीलंडमध्ये ठरलेल्या छावणीतळाबाहेर मुक्काम करण्यास ‘फ्रीडम कँपिंग’ म्हणतात. या शब्दात ‘फ्रीडम’ आहे. तेव्हा कोठेही, फुकट, मनास येईल तसे, असा त्याचा भाव घेतला जातो. २०११ च्या फ्रीडम कँपिंग कायद्याने मात्र त्यास काटेकोर व्याख्या दिली आहे. मोटार जाऊ शकेल अशा जागेपासून, समुद्राच्या ओहोटीरेषेपासून किंवा बांधलेल्या रस्त्यापासून दोनशे मीटरच्या आत तंबू, कॅरॅव्हॅन वा मोटार यांत केलेला मुक्काम या व्याख्येत येतो. वाहन थोडा वेळ उभे करणे, दिवसाची सहल आणि थकवा टाळण्यासाठी रस्त्याच्या कडेस घेतलेली चालकाची झोप या गोष्टी तिच्यातून वगळलेल्या आहेत. स्थानिक संस्थांना उपविधींनी विशिष्ट जागी असा मुक्काम मर्यादित किंवा निषिद्ध करता येतो, आणि उल्लंघनास दंड आहे. तात्पर्य, येथील ‘मुक्त’ हा शब्द नियमांच्या अभावाचा नसून नियमांच्या एका प्रकाराचा निदर्शक आहे.

याच्याशी निगडित दुसरा शब्द ‘सेल्फ-कंटेन्ड’. अनेक जागी असे प्रमाणपत्र असलेल्या वाहनासच रात्री राहता येते. २०२३ च्या सुधारणा कायद्याने ही अट अधिक कडक केली. वाहनात कायम बसविलेले शौचकूप असणे आवश्यक ठरले आणि हिरव्या रंगाचे प्रमाणपत्र आले. मराठीत या शब्दाचे भाषांतर कोणीही सहज ‘स्वयंपूर्ण’ असे करील, आणि तेथेच घोटाळा होईल. ‘स्वयंपूर्ण’ म्हणजे ज्यास बाहेरून काही घ्यावे लागत नाही ते. गाडीत चूल आहे, शय्या आहे, पाणी आहे. मग ती स्वयंपूर्णच. परंतु कायद्याच्या ‘कंटेन्ड’मध्ये धारण करणे, आत साठवून ठेवणे हा अर्थ प्रधान आहे. वाहनातील माणसांना तीन दिवस पुरेल एवढे पाणी हवे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या तीन दिवसांचे सांडपाणी व मैला बाहेर न सोडता आत साठविता आला पाहिजे. भर बाहेरून काय घ्यावे लागत नाही यावर नसून बाहेर काय टाकले जात नाही यावर आहे. सांडपाण्यास तेथे ‘करडे पाणी’ व मैल्यास ‘काळे पाणी’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि ती ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करावी लागतात. मराठी वाचकाने दुसऱ्या शब्दातून अंदमानचा अर्थ घेऊ नये, हे सांगणे नलगे. या शब्दामागे नदीकाठ व सरोवरकाठ स्वच्छ राखण्याची तळमळ आहे. भाषांतरात ती हरवली, तर कायद्याचा गाभाच हरवतो.

५. मराठी करारपत्राची गरज

हा प्रश्न आता केवळ परदेशाचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. जसजशी येथे अशी वाहने भाड्याने दिली जातील, तसतशी मराठी करारपत्रेही लिहावी लागतील. ती इंग्रजी करारपत्रांची शब्दशः भाषांतरे असू नयेत. ‘एक्सेस’साठी ‘अधिक्य’ असा कोशातला शब्द न ठेवता ‘नुकसानीचा भाडेकरूने सोसावयाचा पहिला भाग’ असे स्पष्ट लिहावे. ‘बर्थ’ मराठीत रुळलेलाच आहे. तो ठेवून पुढे आसनांची संख्या वेगळी द्यावी. रस्त्यांसाठी ‘डांबरी’, ‘खडीचा’ व ‘मातीचा’ हे तीन शब्द कोणासही कळतात. आणि ‘सेल्फ-कंटेन्ड’ वाहनास ‘स्वयंपूर्ण’ असे गौरवाचे नाव देण्याऐवजी ‘सांडपाणी व मैला आत साठविणारे वाहन’ असे साधे वर्णन करावे. शब्द लांब होईल. पण करारपत्रात शब्दाची लांबी कोणास भारी पडत नाही, भारी पडते ती त्याची संदिग्धता. सही करणाऱ्यास आपण कशावर सही करीत आहोत हे कळावे, एवढेच अशा भाषेचे प्रयोजन होय.