बारा नंबरचा पाय

कागदावर पावलाची रेघ आहे. शेजारी शाळेतली पट्टी ठेवून काढलेला फोटो नागपूरहून व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पट्टीशी ताडून मी त्याची खऱ्या मापाची प्रिंट काढली आणि सुभाषनगरात चपला बनवणाऱ्या मामांकडे घेऊन आले. मामा रेघेवरून अंगठा फिरवतात आणि कागद माझ्याकडे सरकवतात.

"ताई, पेन्सिल आडवी धरलीया. रेघ पायाच्या भायेर गेलीया. पुन्हा काढाय सांगा."

पेन्सिल तिरकी झाली की रेघ टाचेकडे चार मिलिमीटर सरकते, अंगठ्याकडे चार. इंग्लिश नंबरांत एका मापापासून पुढचं माप एक तृतीयांश इंचावर, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरवर असतं. नुसत्या पेन्सिलीनं पाय एक नंबर मोठा होतो. शिवाय पाय संध्याकाळी जरा सुजलेला असतो, म्हणून माप संध्याकाळीच घ्यायचं, उभं राहून, दोन्ही पायांचं. हे मी रोज कुणाला तरी सांगत असते आणि अजून कंटाळले नाही, कारण माझा धंदा या रेघेवर उभा आहे.

मी मोठ्या मापाच्या कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकते. पुरुषांचे अकरा ते चौदा नंबर आणि बायकांचे नऊच्या पुढचे. दुसरं काही ठेवत नाही. सुरुवातीला सगळं ठेवलं होतं. कापशी, कुरुंदवाडी, रंगीत, लहान मुलांच्या. तोच माल, तसेच फोटो शेकडो जण टाकत होते आणि गिऱ्हाईक पन्नास रुपयांच्या फरकावर दुसरीकडे वळत होतं. तेव्हा विक्रीपेक्षा चौकशांचीच वही जास्त भरली. ती एकदा निवांत वाचली, तर पानापानावर एकच प्रश्न: "बारा नंबर मिळेल का?" माझा भाऊ बारा नंबरचा. लहानपणी चप्पल लाईनीत त्याला घेऊन आम्ही दुकानामागून दुकान फिरायचो आणि रिकाम्या हातानं घरी यायचो. दुकानदाराचंही चुकत नव्हतं. वर्षातून चार गिऱ्हाइकांसाठी तो माल कशाला अडकवून ठेवेल? एका गावात असे चारच पाय सापडतात, पण ऑनलाइन सगळ्या गावांचे पाय एका वहीत येतात.

या मालाचा तोटाही तितकाच मोठा. पहिल्या महिन्यात नऊ जोड पाठवले, चार परत आले. तेव्हा मी नुसता बुटाचा नंबर विचारत होते. आठ नंबरचा परतलेला जोड आठवड्यात दुसऱ्याच्या पायात जातो, तेरा नंबरचा वर्षभर कपाटात पडून राहतो. तेव्हापासून नियम केला: रेघ आल्याशिवाय कातडं कापायचं नाही आणि अर्धे पैसे आधी घ्यायचे. माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय बंद केली. ऑर्डरी कमी झाल्या, पण परत येणारे जोड जवळजवळ थांबले. मला हे आधीच सुचायला हवं होतं.

कातड्याची गंमत मामांनी शिकवली. तळाला म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं. खिळा एकही नाही, सगळं वादीनं शिवलेलं. हा तळ फारसा वाढत नाही, पट्टा मात्र पायाच्या उबेनं सैल होत जातो. त्यामुळे तळ रेघेबरहुकूम कापायचा आणि पट्टा मुद्दाम गच्च ठेवायचा. गिऱ्हाईक पहिल्या दिवशी "घट्ट आहे" म्हणून फोन करणारच. म्हणून खोक्यात चिठ्ठी घालते: आठ दिवस घरात रोज अर्धा तास घाला, मग बाहेर न्या.

खोक्याचंही असंच. एका जोडाचं वजन नऊशे ग्रॅमच्या आसपास, पण कुरिअरवाला आकारमान धरतो. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजारानं भागायची. माझं पहिलं खोकं ३६ बाय १६ बाय १२ होतं, म्हणजे १.३८ किलो, आणि पैसे दीड किलोचे. आता एका चपलेची टाच दुसरीच्या अंगठ्याकडे करून, तळाला तळ लावून ठेवते. खोकं ३४ बाय १४ बाय १० मध्ये बसतं. ०.९५ किलो भरतं आणि पैसे एक किलोचे पडतात. जोडामागे जे वाचलं, त्यातूनच मी मामांची मजुरी वाढवली. दोन नंबरांनी मोठ्या जोडाला कातडं जास्त लागतं आणि हातही जास्त चालतो. बाजारात मात्र कारागिराला सगळ्या मापांचे एकच पैसे मिळतात. हे मला पटत नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्यावर माझ्याकडेही चौकशांचा पूर आला. बहुतेकांना सात-आठ नंबरच हवा होता. त्यांना शेजारच्या दुकानाचा पत्ता दिला.

सध्या पाऊस आहे. कातडं नीट वाळत नाही, बुरशी धरते, म्हणून जून ते ऑगस्ट आम्ही एकही जोड पाठवत नाही. या दिवसांत नुसती मापं घेतो. मामा पुठ्ठ्यावर फरमे कापतात, मागे शाईनं गावाचं नाव लिहितात आणि दोरीला ओवून खुंटीला टांगतात. नागपूरची नवी रेघ काल संध्याकाळी आली. मामांनी ती उजेडात धरून पाहिली आणि पुठ्ठा पुढे ओढला.