जुन्या मोटारीतील विजेचे आसन अडल्यास दोष कुठे शोधावा?

वाराणसी : पंचगंगा घाटाजवळच्या बालाजी घाटापर्यंत चारचाकी वाहन पोहोचत नाही. उस्ताद बिस्मिल्ला खान ज्या बालाजी मंदिरात सनईचा रियाज करीत, तेथवर जाणाऱ्या गल्ल्या पायी चालण्यापुरत्याच रुंद आहेत. महाराष्ट्रातून स्वतःच्या मोटारीने येणारी कुटुंबे बेनियाबाग किंवा मैदागिन परिसरात वाहन उभे करून पुढची वाट चालतात. स्नान, श्राद्धविधी आणि देवदर्शन आटोपेपर्यंत दोन-तीन दिवस सहज निघून जातात. मुलाने गाडी आणलेली असते, परतीच्या पहिल्या टप्प्यात आई चालवणार असते. ती बटण दाबते आणि मागे सरकवलेले आसन जागचे हलत नाही.

ही केवळ गैरसोय नव्हे. येथून रीवा, जबलपूरमार्गे नागपूरला जाणारा रस्ता, म्हणजे २०१०च्या फेरक्रमांकनापूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७, लांब पल्ल्याचा आणि अवजड वाहतुकीचा आहे. गुडघा किंचित वाकलेला राहून ब्रेकचे पेडल पूर्ण दाबता येत नसेल, तर वाहन चालवू नये. पाठीमागे उशी किंवा घडी घातलेली शाल ठेवण्याचा सर्रास केला जाणारा उपाय धोक्याचा आहे. जोरात ब्रेक दाबताना शरीर मागे रेटले जाते, उशी दबते आणि पाय तेवढाच मागे येतो. उलट बाजूने, आसन फार पुढे अडकले असेल तर छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यभागातील एअरबॅग यांत सुमारे २५ सेंटिमीटर अंतर राहते का, ते पाहावे.

दोष शोधण्यापूर्वी रचना समजून घेतलेली बरी. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून, काही गाड्यांत रिलेमधून, बटणापर्यंत येते. तेथून आसनाखालच्या कनेक्टरद्वारे ती लहान मोटरना मिळते. मोटर फिरली की लवचीक तार किंवा दातेरी चक्रांची पेटी ती गती लांब स्क्रूला देते आणि आसन रुळांवर सरकते. दारावर आसनाच्याच आकाराची बटणे बसवण्याची पद्धत मर्सिडीजच्या १९७९च्या डब्ल्यू१२६ श्रेणीने रूढ केली. आज अशी आसने वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातून मध्यमवर्गीय घरांतही आली आहेत. दुरुस्तीचा खर्च मात्र मूळच्या महागड्या गाडीचाच राहिला आहे. म्हणून अख्खे आसन बदलण्याचा सल्ला ऐकण्याआधी काही मिनिटे तपासणीला द्यावीत.

पहिली तपासणी कानांनी आणि डोळ्यांनी होते. गाडी काही दिवस उभी असेल तर बॅटरी उतरलेली असू शकते. इंजिन सुरू करून बटण पुन्हा दाबावे. रात्री आतला दिवा लावून बटण दाबल्यावर तो किंचित मंदावत असेल, तर वीज मोटरपर्यंत पोहोचत आहे आणि अडथळा यांत्रिक आहे, असा अंदाज बांधता येतो. मोटरचा आवाज येतो पण आसन हलत नाही, याचा अर्थ लवचीक तार निसटली आहे किंवा प्लास्टिकच्या चक्राचे दाते झिजले आहेत. काहीच आवाज नाही, दिवाही मंदावत नाही, तेव्हा फ्यूज, बटण, कनेक्टर किंवा अर्थिंग यांकडे वळावे.

आसन पुढे जाते पण मागे येत नाही, हे लक्षण फार उपयोगी आहे. मोटर एकच असते. तिच्या दोन तारांतील धन-ऋण बाजू बटण उलटवते, म्हणून ती दोन्ही दिशांना फिरते. एका दिशेला चालणारी मोटर बहुधा ठीक असते. अशा वेळी बटणातील संपर्कबिंदू काळे पडलेले सापडतात. आसनाच्या कडेला असलेल्या बटणांत सांडलेला चहा, विशेषतः त्यातील साखर, हे त्याचे नेहमीचे कारण. आसन तिरके होत असेल, तर एका बाजूचा रूळ सरकतो आणि दुसरा थांबतो. बटण दाबत राहिल्यास रूळ वाकतो, म्हणून तेथेच थांबावे.

'थोड्या वेळाने आपोआप चालते' ही तक्रार अनेकांना बुचकळ्यात टाकते. काही गाड्यांत फ्यूजऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, तापल्यावर तुटणारा आणि निवल्यावर पुन्हा जुळणारा सर्किट ब्रेकर असतो. रुळात नाणे, पेन किंवा बाटलीचे झाकण अडकले की मोटर जागच्या जागी थबकते, नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते आणि ब्रेकर तुटतो. दोष विजेचा वाटतो; कारण रुळात पडलेले असते. टॉर्च घेऊन आसनाखाली पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच सर्वांत उशिरा केला जातो. उंदरांनी कुरतडलेल्या तारा किंवा पावसाळ्यात गालिच्याखाली साचलेल्या पाण्याने हिरवट झालेला कनेक्टरही तेथेच दिसतो.

फ्यूज वारंवार जळत असेल तर त्याहून मोठा फ्यूज बसवू नये. फ्यूज तारेच्या क्षमतेप्रमाणे ठरवलेला असतो. तो वाढवला की फ्यूजऐवजी तार जळते, आणि ती गालिच्याखाली असते. मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणून जोडणी चांगली, असेही समजू नये. गंजलेल्या जोडणीतून मीटरपुरती वीज येते, मोटरपुरती येत नाही. मोटरच्या जोडणीवर २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून तो पूर्ण प्रकाशतो का, हे पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. ज्या आसनांना स्थिती लक्षात ठेवण्याची सोय आहे, ती दर वेळी बोटभरच सरकून थांबत असतील, तर मोटरऐवजी तिची स्थिती कळवणाऱ्या सेन्सरवर संशय घ्यावा.

एका बाबतीत मात्र घरगुती धाडस टाळावे. आसनात किंवा पट्ट्याच्या यंत्रणेत एअरबॅगशी निगडित भाग असतात आणि त्यांचे कनेक्टर सहसा पिवळे असतात. त्यांना टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावू नये. आसनाखालची कोणतीही जोडणी काढण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीची ऋण तार सोडावी, वाहनाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे, आणि आसन सुटे असताना चावी फिरवू नये.

वाटेतच अडचण आली, तर जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियन मोटरचा कनेक्टर सोडवून तिला फ्यूज लावलेल्या तारांनी थेट बॅटरीची वीज देऊ शकतो आणि आसन चालकाला योग्य त्या जागी आणून ठेवू शकतो. वीज गेली तरी स्क्रूच्या रचनेमुळे आसन सहसा आपोआप घसरत नाही. तरीही ते दोन्ही हातांनी जोरात पुढे-मागे हलवून पाहावे. खडखडत असेल किंवा एखादा बोल्ट सैल असेल, तर त्या आसनावर बसून प्रवास करू नये. सुटे भाग नंतर मुंबईत कुर्ल्याच्या किंवा दिल्लीत मायापुरीच्या जुन्या बाजारात शोधता येतात. मोटर, स्क्रू आणि बटण तेथून घ्यायला हरकत नाही. अपघातग्रस्त गाडीतील एअरबॅगचे भाग किंवा पट्ट्याचे ताणयंत्र मात्र घेऊ नये.

आसन परत बसवल्यावर बोल्ट उत्पादकाने दिलेल्या मापानेच आवळावेत. चावी फिरवल्यानंतर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर काम अर्धवट राहिले आहे.