‘फिंग-तंग’ : समतेचा चिनी शब्द

‘समता’ हा शब्द आपल्या नित्य उच्चारातला आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर ही संकल्पना चीनमध्ये गेली, तेव्हा तेथील अनुवादकांनी तिच्यासाठी ‘फिंग-तंग’ हा शब्द योजिला. त्याचा अर्थ व वापर आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत.

‘फिंग’ म्हणजे सपाट, उंचसखलपणा नसलेले. ‘तंग’ म्हणजे समान. परंतु दर्जा, श्रेणी हाही त्याचाच अर्थ आहे. श्रेणींचा उंचसखलपणा जेथे उरत नाही ते ‘फिंग-तंग’, असा या जोडशब्दाचा भाव आम्हांस जाणवतो.

इ. स. 401 मध्ये चांगआन नगरीत आलेल्या आचार्य कुमारजीवांनी ‘वज्रच्छेदिका’ सूत्राचा चिनी अनुवाद केला. मूळ संस्कृतात ‘सम’ व ‘विषम’ ही जोडी आहे. ‘सम’साठी त्यांनी ‘फिंग-तंग’ घेतला आणि ‘विषम’च्या जागी ‘उच्च-नीच’ या अर्थाचे शब्द ठेवले. जातिव्यवस्थेचे चटके सोसलेल्या वाचकास हा अनुवाद विशेष जवळचा वाटेल.

मात्र तेथील समता धर्मस्वभावाची होती, नागरिकांच्या हक्कांची नव्हे. विहारांत हा शब्द शतकानुशतके उच्चारला गेला. बाहेर सम्राट आणि प्रजा, पती आणि पत्नी यांतील उतरंड कायमच राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बौद्ध विचारांनी प्रभावित झालेल्या थान सथुंग यांनी याच शब्दाच्या आधारे त्या उतरंडीवर आघात केला. 1898 मध्ये सुधारणावादी चळवळ चिरडली गेली, तेव्हा त्यांना देहदंड झाला.

आज चीनच्या 1982 च्या संविधानात कायद्यापुढील समानतेसाठी ‘फिंग-तंग’ हाच शब्द आहे. जपानीत त्याचा उच्चार ‘ब्योदो’ होतो. 1947 मध्ये अमलात आलेल्या जपानी संविधानाच्या 14 व्या अनुच्छेदात तो येतो. आपल्या संविधानातही समतेचा अनुच्छेद 14 वाच आहे; हा योगायोग असला तरी चित्तास आनंद देणारा आहे.

आधुनिक हक्कांची कल्पना केवळ बौद्ध ग्रंथांतूनच आली, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु ती पूर्व आशियात आली तेव्हा तिला शब्द मिळाला तो बौद्ध परंपरेतला. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, असे पूज्य बाबासाहेबांनी 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले होते. ‘फिंग-तंग’चा प्रवास पाहता त्या विधानाची व्याप्ती अधिक ध्यानात येते.

या प्रवासातून आणखी एक बोध मिळतो. शब्द विहारात जपला गेला, एवढ्याने समाज सम होत नाही. तो विहाराबाहेर, व्यवहारात उतरवावा लागतो. हे उत्तरदायित्व आपलेही आहे.