भूल उतरल्यानंतरची फेरी

कमरेतून भूल देताना सगळ्यांचे डोळे सुईवर असतात. रुग्णाला टेबलावर बसवायचं, हनुवटी छातीला टेकवायची, पाठीची कमान करायला सांगायची. कमरेची दोन्ही हाडं चाचपून मधली रेघ मनातच आखायची. ती कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. मज्जारज्जू बहुतेकांत त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपलेला असतो. बारीक सुई, नितळ पाण्याचा थेंब, मग औषध. थोड्याच वेळात पाय जड होतात.

दुसऱ्या दिवशीची फेरी मात्र भूलतज्ज्ञानं कधीच चुकवू नये, असं माझं ठाम मत आहे. पाय वर बांधून मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया झालेले एक काका म्हणाले, "जखम दुखत नाही डॉक्टर, पण दोन्ही कुल्ले ठणकतायत. मांडीच्या मागनं कळ जाते. सुईनं नस दुखावली काय?"

अशा वेळी "काही नाही, बरं होईल" म्हणून पुढच्या खाटेकडे जाणं मला पटत नाही. अंगठा वर ओढायला लावला, गुडघा वाकवून पाहिला, कापसाचा स्पर्श दोन्हीकडे सारखा कळतो का विचारलं. लघवी मोकळी होती. बसायची जागा बधिर नव्हती. ताकद शाबूत, दुखणं तेवढं उरलेलं.

कमरेतून भूल दिल्यानंतर काहींना होणाऱ्या अशा तात्पुरत्या त्रासाची नोंद १९९३ साली झाली, ५ टक्के लिग्नोकेन हे भुलेचं औषध दिलेल्या चार रुग्णांत. भूल उतरल्यावर काही तासांत, बहुधा दिवसभराच्या आत ठणका सुरू होतो. औषध पातळ करून २ टक्क्यांवर आणलं, तरी प्रमाण घटलं नाही. पाय वर बांधलेल्यांत आणि गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो जास्त दिसतो. नेमकं कारण अजून वादातच आहे. ब्युपिवाकेन या भुलेच्या दुसऱ्या औषधानं हा त्रास क्वचित होतो, पण त्याची भूल उशिरा उतरते. छोट्या शस्त्रक्रियेनंतर लवकर घरी जायचं असेल तर लिग्नोकेनचा मोह होतो तो त्यामुळेच.

काकांना मूत्रपिंड आणि पोटाची चौकशी करून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलं. दुखणं बहुधा पाच दिवसांत ओसरतं. याची कल्पना सुई टोचण्याआधीच द्यायला हवी. भीतीनं ठणका दुप्पट वाटतो.

मात्र पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर वाट पाहू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.