डोळे मिटून ओळखावी अशी नोट

विषयाला हात घालण्यापूर्वी एक लहानसा प्रयोग करू. आपल्या खिशातून किंवा पिशवीतून दोनतीन निरनिराळ्या नोटा काढा, डोळे मिटा, आणि कोणती केवढ्याची हे नुसत्या बोटांनी सांगा. पुष्कळांची फजिती होईल. परळ स्टेशनावर थांबणाऱ्या लोकलमध्ये कंगवे आणि किल्ल्यांच्या साखळ्या विकणारा अंध विक्रेता हीच परीक्षा दिवसभर देत असतो. गिऱ्हाईक 'ही पन्नासाची' म्हणाले की त्याला ते मानावे लागते. गिऱ्हाईक खोटे बोलले, तर दिवसाची कमाई गेली.

आपण हळहळतो आणि म्हणतो, दृष्टी नाही म्हणून बिचाऱ्याचे अडते. आज जिची ओळख करून द्यावयाची ती विद्या आपल्याला येथेच थांबवून विचारते : हे अडणे डोळ्यांमुळे की नोटेमुळे? या विद्येला आपण डिझाइन म्हणतो. रंगरूप सजविणे एवढाच अर्थ आपण त्या शब्दाचा घेत आलो. परंतु वस्तू आणि माणूस यांच्यात जी देवघेव चालते, म्हणजे माणूस काय करतो व वस्तू त्याला काय कळविते, तिचा विचार करणारी तिची एक शाखा आहे. तिला संवादरचना म्हणता येईल. अहमदाबादला १९६१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली आणि आपल्या पवईच्या आय. आय. टी.त १९६९ साली औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले. अशा संस्थांतून बाहेर पडणारे तरुण आज हे काम करतात.

आता नोटेकडेच या दृष्टीने पाहू. पूर्वीच्या मालिकेत शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती आणि पाचशेची १६७. रुंदी सारखीच, पण लांबीत सेंटिमीटरभर फरक. सरावलेले बोट तो ओळखू शके. २०१६ पासून नवी मालिका आली. तीत शंभराची नोट १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर. शेजारच्या दोन नोटांत फरक अवघा चार मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. शंभरावर उठावाचा त्रिकोण, दोनशेवर इंग्रजी एच हे अक्षर आणि पाचशेवर वर्तुळ अशा खुणा आहेत खऱ्या. पण हातोहात फिरून नोट मऊ झाली की उठाव झिजतो. शिवाय पन्नास, वीस आणि दहाच्या नव्या नोटांवर अशी खूणच नाही. ज्या नोटा फेरीवाल्याच्या हाती सर्वांत जास्त येतात, त्याच मुक्या!

वरळीला कचेरी असलेली, १९५२ साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था २०१९ साली हे गाऱ्हाणे घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाची मोबाइलवरची सोय सुरू केली. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती कितीची हे फोन बोलून सांगतो. सोय उपयोगी आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यापुढे आपला लोकलमधला विक्रेता उभा करून पाहा. एका हातात माल, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाने दिलेली नोट. मग फोन कोणत्या हातात धरावा? आणि तो बोलेपर्यंत दादर येते, गिऱ्हाईक उतरून जाते. घरी बसून पैसे मोजणाऱ्यास जे सोयीचे, ते गर्दीत उभ्या असलेल्यास तसेच सोयीचे असेल असे नाही. हा भेद कचेरीतल्या टेबलाजवळ बसून सुचत नाही. त्यासाठी त्या माणसाबरोबर चार दिवस गाडीतून हिंडावे लागते.

चांगल्या रचनाकाराची रीत हीच आहे. तो आधी पाहतो व ऐकतो, मग पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा कच्चा नमुना करतो. तो नमुना वापरणाऱ्याच्याच हाती देतो आणि स्वतः गप्प राहतो. जेथे हात अडखळला, तेथे दोष नमुन्याचा असे मानून तो पुन्हा घडवितो.

या रीतीचे फळ नाण्यांत दिसते. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे पाचाच्या नाण्याहून रुंद होते. बोटांनी काय समजावे? २०१९ साली अंधांचा विचार करून नवी नाणी काढण्यात आली, आणि त्यांच्या आखणीत अहमदाबादच्या त्या संस्थेचा हात होता. एकापासून दहापर्यंत किंमत वाढते तसा आकार वाढतो आणि वजनही वाढते. विसाचे नाणे तर बारा कोनांचे आहे. आता गंमत अशी की, अंधारात रिक्षावाल्याला पैसे देणाऱ्या डोळसालाही याचा लाभ होतो. एकासाठी केलेली सोय अनेकांच्या कामी येते, ती अशी.

२०११ च्या खानेसुमारीत देशात २ कोटी ६८ लाख लोक अपंग म्हणून नोंदले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वांना वापरता येईल अशा रचनेचे तत्त्व मान्य केले. पण कायदा दारापर्यंत आणण्याचे काम आपलेच आहे. परळ-लालबागच्या चाळी पडून तेथे मनोरे उभे राहत आहेत. गिरणीत उमेद घालविलेले, मोतीबिंदू झालेले आजोबा उद्या लिफ्टमध्ये शिरतील आणि समोर गुळगुळीत काचेची पाटी असेल. सातवा मजला बोटांना कसा सापडावा? तेव्हा सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघेल त्या दिवशी उठून विचारा : आकडे उठावाचे आहेत काय? मजला आला की लिफ्ट बोलते काय? पाटी बसण्यापूर्वी विचारले, तर बदल सोपा असतो. बसल्यावर विचारले, तर आजोबांना दर खेपेला कोणाला तरी हाक मारावी लागेल.